दिवसाला शंभर आभार

शौचालयातून बाहेर यावे, हात धुवावेत आणि तिथेच क्षणभर थांबून देवाचे आभार मानावेत, अशी एक रीत ज्यू लोकांनी सुमारे सतराशे वर्षे सांभाळली आहे. चौथ्या शतकात बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकच्या भूमीत, अबाये नावाचे एक थोर पंडित होऊन गेले. ही प्रार्थना तालमूद या ज्यू धर्मग्रंथात त्यांच्या नावावर नोंदलेली आहे. देवाने माणूस शहाणपणाने घडवला, त्याच्या देहात छिद्रे आणि पोकळ्या ठेवल्या. त्यांतले एखादे बंद असायचे ते उघडले किंवा उघडे असायचे ते बंद झाले, तर माणूस टिकणार नाही, असा तिचा आशय आहे. ‘अशेर यात्झार’ या नावाने ती ओळखली जाते. धार्मिक ज्यू कुटुंबांतली मुले ती लहानपणीच शिकतात आणि पुढे आयुष्यभर, दिवसातून अनेकदा, पुटपुटतात.

न्यूयॉर्कमधले फुप्फुसविकारतज्ज्ञ डॉ. केनेथ प्रेगर यांनी १९९७ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात याच प्रार्थनेवर एक छोटा लेख लिहिला. शाळेत स्वच्छतागृहाबाहेर ती लावलेली असे आणि तेव्हा मुलांना तिचे हसू येई, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. पुढे वैद्यकाचे शिक्षण सुरू झाले. मूत्रपिंड, आतडी, झडपा, नळ्या या साऱ्यांचे काम त्यांना कळू लागले आणि ते बिघडले की माणसाचे काय होते तेही दिसू लागले. मग त्या जुन्या शब्दांचे वजन ध्यानात आले. लेखात त्यांनी एका तरुण रुग्णाचीही हकिगत दिली आहे. अपघातात त्याच्या मानेच्या मणक्याला जबर इजा झाली होती. लघवीसाठी लावलेली नळी ज्या दिवशी निघाली आणि शरीराने ते काम पुन्हा आपले आपण केले, त्या दिवशी त्याने ही प्रार्थना म्हटली. डोळ्यांत पाणी आणणारा तो प्रसंग आहे.

कृतज्ञतेवर हल्ली पुष्कळ बोलले जाते. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, असा सल्ला समुपदेशक देतात. त्यामागे संशोधन आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचे गट पाडले होते. एका गटाने दहा आठवडे दर आठवड्याला कृतज्ञता वाटावी अशा गोष्टींची नोंद केली, दुसऱ्याने त्रासांची, तिसऱ्याने नुसत्या घडामोडींची. पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटले आणि शारीरिक तक्रारीही त्यांनी कमी सांगितल्या. ज्यू परंपरा मात्र बरे वाटण्यासाठी आभार मानायला सांगत नाही. आभार हे तिच्या लेखी देणे आहे. ते वेळेवर, ठरलेल्या ठिकाणी आणि नेमक्या कारणासाठी फेडायचे असते. मनात भावना दाटून येईपर्यंत थांबायची मुभा नाही. आधी ओठांनी म्हणायचे आणि म्हणता म्हणता डोळ्यांना बघायला शिकवायचे, या भरवशावर ही सारी शिस्त उभी आहे.

तिची सुरुवात अंथरुणातच होते. जाग येताच, हात धुण्याच्याही आधी, एक वाक्य म्हणायचे असते. मूळ हिब्रूत ते अवघ्या बारा शब्दांचे आहे. रात्री ठेवायला दिलेला प्राण दयेने परत केलास, याबद्दल त्यात जिवंत, चिरंतन राजाचे आभार मानलेले असतात. पुरुष ‘मोदे आनी’ म्हणून सुरुवात करतात, स्त्रिया ‘मोदा आनी’ म्हणून. हे वाक्य सोळाव्या शतकात त्सफात येथील रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मोशे बेन माखीर यांच्या ‘सेदेर हायोम’ या ग्रंथात पहिल्यांदा आढळते. गालीलच्या डोंगरावरचे त्सफात त्या काळी स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यू पंडितांचे आणि गूढवाद्यांचे माहेरघर झाले होते. या वाक्यात देवाचे पवित्र नाव मुद्दाम नाही. त्यामुळे हात न धुताही ते म्हणता येते आणि डोळे उघडणे व आभार मानणे यांच्यात कसलीही फट राहत नाही.

त्यानंतरच्या सकाळच्या प्रार्थनांची यादी तालमूदने चक्क माणसाच्या हालचालींवरून बेतली आहे. कोंबडा आरवलेला ऐकला की एक. डोळे उघडले की एक. उठून बसले की एक, कपडे चढवले की एक, पाय जमिनीला लागले की एक, वहाणा बांधल्या की आणखी एक. डोळे उघडताना आंधळ्याला दृष्टी देणाऱ्याचे, कपडे घालताना उघड्याला वस्त्र देणाऱ्याचे, सरळ उभे राहताना वाकलेल्याला उभे करणाऱ्याचे स्मरण करायचे. आपल्याला जे सहज मिळाले ते कुणाला तरी मिळालेले नाही, ही जाणीव या मांडणीतच आहे.

पुढे या प्रार्थना सभास्थानात एकापाठोपाठ एक म्हणण्याचा प्रघात पडला. बाराव्या शतकातले महान तत्त्वज्ञ आणि वैद्य मैमोनिडीस यांना तो मुळीच मान्य नव्हता. ज्या गोष्टीचे आभार, ती गोष्ट घडत असतानाच ते मानले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. वहाणा न बांधता वहाणांचे आभार म्हणजे रिकामे शब्द. प्रघात टिकला आणि मैमोनिडीसांचा आक्षेपही ग्रंथांत टिकला. आजही ज्यू शिक्षक मुलांना शिकवताना दोन्ही बाजू सांगतात.

या यादीतल्या काही ओळींवरून आधुनिक काळात गंभीर वाद झाले. आपल्याला स्त्री न केल्याबद्दल पुरुषाने आभार मानण्याची एक जुनी ओळ आहे. दुसऱ्याच्या स्थितीशी तुलना करून मानलेले आभार त्या दुसऱ्याला खाली ढकलतात, हे अनेकांना खुपले. अमेरिकेतल्या सुधारणावादी आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांनी आपल्या प्रार्थनापुस्तकांत ती बदलली. ऑर्थोडॉक्स पुस्तकांत ती कायम आहे आणि तिच्यावरची चर्चाही थांबलेली नाही. कृतज्ञतेच्या शब्दांनाही न्यायाची कसोटी लावावी लागते, हे या वादाने दाखवून दिले.

अशा एका प्रार्थनावचनाला ‘बेराखा’ म्हणतात. दुसऱ्या शतकातल्या रब्बी मेईर यांनी दिवसाला शंभर बेराखा म्हणायचे बंधन सांगितले. मिद्राश, म्हणजे बायबलवरच्या जुन्या ज्यू भाष्यांतल्या एका कथेनुसार राजा दाविदाच्या काळी साथीत रोज शंभर माणसे मरत होती, म्हणून त्याने रोज शंभर बेराखांचा नेम घालून दिला. मृत्यूच्या आकड्याला आभारांच्या आकड्याने उत्तर द्यायचे, अशी ती कल्पना.

शंभर हा आकडा वाटतो तितका अवघड नाही, पण आपोआप पुराही होत नाही. उभे राहून म्हणायच्या ‘अमीदा’ या मुख्य प्रार्थनेत कामाच्या दिवशी एकोणीस बेराखा असतात आणि ती दिवसातून तीनदा म्हटली जाते. झाल्या सत्तावन्न. देव एकच आहे अशी ग्वाही देणाऱ्या, सकाळ-संध्याकाळच्या ‘शेमा’ प्रार्थनेभोवती मिळून सात. पहाटेपासूनच्या विसाच्या आसपास. दोन वेळच्या भाकरीच्या जेवणात हात धुण्याची, भाकरीची आणि जेवणानंतरच्या चार अशा प्रत्येकी सहा. उरलेल्या फळे, पाणी, सुगंध, पाऊस, वीज यांच्यावर. खरी अडचण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी येते. त्या दिवशी मागणे मागायचे नसते, म्हणून अमीदा एकोणीसवरून सातवर येते आणि हिशेबात मोठा खड्डा पडतो. तो भरून काढण्यासाठी तालमूदमधले एक पंडित शब्बाथला आणि सणावारी सुगंधी द्रव्ये आणि गोडधोड मुद्दाम जमवत, अशी नोंद आहे. विश्रांतीच्या दिवशी आस्वाद घ्यायलाही कारण मिळाले.

खाण्याच्या बेराखांचे शास्त्र तर फारच बारकाईचे. इ. स. २००च्या सुमारास संपादित झालेल्या मिश्ना या धर्मसंहितेचा पहिला विभाग शेतीचा आहे आणि त्यातला पहिला ग्रंथ बेराखांचा. नांगर आणि प्रार्थना तिथे एकाच विभागात नांदतात. भाकरीची बेराखा निराळी, द्राक्षाच्या मद्याची निराळी, झाडाच्या फळांची निराळी आणि जमिनीतून येणाऱ्या पिकांची निराळी. नारळाला आणि आंब्याला झाडाच्या फळाची बेराखा लागते. केळ्याला मात्र जमिनीच्या पिकाची, कारण केळीचे खोड एकदा घड देऊन मरते आणि दरवर्षी नवे उगवते. त्सफातच्या योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरुख’मध्ये, म्हणजे १५६५ साली छापलेल्या आणि आजही प्रमाण मानल्या जाणाऱ्या धर्मशास्त्रात, केळ्याचा हा निवाडा आहे. तोंडात घास टाकण्याआधी माणसाला विचार करावा लागतो: हे कुठून आले? कशावर लागले? हा विचार करण्यात जो क्षण जातो तोच या साधनेचा गाभा आहे.

हंगामातले पहिले फळ खाताना आणखी एक बेराखा, या घडीपर्यंत जिवंत ठेवल्याबद्दल. तालमूदमध्ये एक पंडित सांगतात की आपण नव्या भोपळ्यालाही ती म्हणतो. वसंतात मोहरलेल्या फळझाडांसाठी वर्षातून एकदाच म्हणायची बेराखा आहे. आणि सूर्य सृष्टीच्या आरंभी होता त्या जागी परत आला असे मानून अठ्ठावीस वर्षांतून एकदाच म्हणायचीही एक आहे. मागच्या खेपेला ती ८ एप्रिल २००९ रोजी सकाळी म्हटली गेली, पुढची ८ एप्रिल २०३७ला येईल. दिवसातून अनेकदा आणि आयुष्यातून दोनतीनदा, अशा दोन्ही टोकांची आठवण एकच परंपरा ठेवते.

हे सारे देवाला उद्देशून असले तरी माणूस त्यातून निसटत नाही. दुसऱ्या शतकातले बेन झोमा एकदा जेरुसलेमच्या मंदिराच्या टेकडीवरच्या पायरीवर उभे होते. समोर माणसांचा लोंढा होता. गर्दी पाहून कुणी वैतागेल. बेन झोमांनी त्या गर्दीला निर्माण करणाऱ्याचे आभार मानले. ते म्हणाले, पहिल्या माणसाला, आदामाला, भाकरीचा तुकडा तोंडात पडण्याआधी किती राबावे लागले असेल: नांगरणी, पेरणी, कापणी, पेंढ्या बांधणे, मळणी, उफणणी, निवडणे, दळणे, चाळणे, मळणे, भाजणे. आणि आपण सकाळी उठतो तो हे सगळे तयार. अंगरख्याचेही तसेच: लोकर कातरणे, धुणे, पिंजणे, सूत काढणे, विणणे. सगळ्या जातीचे कारागीर आपल्या दाराशी येतात.

याच बेन झोमांनी चांगल्या आणि वाईट पाहुण्याची खूण सांगून ठेवली. चांगला पाहुणा म्हणतो, यजमानाने माझ्यासाठी किती कष्ट घेतले. वाईट पाहुणा घास मोजतो आणि म्हणतो, त्याने जे काही केले ते स्वतःच्या बायकामुलांसाठीच केले. पाहुणा तोच, जेवण तेच. फरक हिशेब कुठून धरायचा एवढाच.

आभार परस्पर दुसऱ्याकडून पोचवता येत नाहीत, हा या साधनेतला फार मोलाचा नियम. सभास्थानात प्रार्थना चालवणारा अमीदा पुन्हा मोठ्याने म्हणतो तेव्हा बाकीचे ऐकतात आणि ‘आमेन’ म्हणतात. त्याने सर्वांच्या वतीने म्हटले की झाले. फक्त आभाराच्या परिच्छेदापाशी सगळे वाकतात आणि आपापले वेगळे शब्द म्हणतात. चौदाव्या शतकात सेव्हिलमध्ये राहिलेल्या दाविद अबुदर्हाम यांनी याचे कारण दिले आहे. मागणे दुसऱ्यातर्फे मागता येते, आभार मात्र ज्याचे त्यानेच मानायचे.

निर्जीव वस्तूंचेही ऋण मानले जाते. बायबलमधल्या कथेत मिसर देशावर संकटे आली तेव्हा नाईल नदीवर काठी संदेष्टा मोशे याने मारली नाही, त्याचा भाऊ आहरोन याने मारली. मिद्राश म्हणतो, तान्हा मोशे याच नदीने सांभाळला होता, मग तो तिला कसा मारणार? ज्या विहिरीचे पाणी प्यालो तिच्यात ढेकूळ टाकू नये, अशा अर्थाची म्हण तालमूदमध्ये आहे. नदीला कळत नाही आणि विहिरीला दुखत नाही. पण उपकार विसरायची सवय एकदा लागली की ती नदीपाशी थांबत नाही, माणसांपर्यंत येते.

मग माणूस उपकार विसरतो तरी का? या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर अकराव्या शतकात स्पेनच्या सारागोसा शहरात न्यायाधीश असलेल्या बाह्या इब्न पाकुदा यांनी दिले. त्यांचा ग्रंथ अरबीत लिहिला गेला आणि ११६१ साली हिब्रूत आला. ‘हृदयाची कर्तव्ये’ असे त्याचे नाव. त्यांनी तीन कारणे सांगितली. पहिले, सुखाच्या मागे लागलेल्या माणसाला मिळालेल्यापेक्षा न मिळालेले मोठे दिसते. दुसरे, तो जन्मल्यापासून देणग्यांतच वाढतो, म्हणून त्या त्याला आपल्या अंगाचाच भाग वाटू लागतात. तिसरे, त्याच्यावर दुःखे येतात आणि त्या दुःखांमागचे काही त्याला कळत नाही.

दुसऱ्या कारणासाठी त्यांनी दिलेला दाखला अस्सल आहे. एका दयाळू माणसाला टाकून दिलेले तान्हे बाळ सापडते. तो त्याला घरी आणतो, वाढवतो, शिकवतो. पुढे तोच माणूस एका कैद्याला शत्रूच्या तावडीतून सोडवतो आणि थोडेसे काही देतो. बाळाला मिळालेले कितीतरी अधिक, तरी कैदीच अधिक कृतज्ञ असतो. कारण त्याला आधीची दैना आठवते. बाळाला आधीचे काही आठवतच नाही. सकाळच्या बेराखा या विस्मृतीवर योजलेला उपाय आहेत. बाळाने रोज थोडा वेळ कैदी होऊन पाहायचे.

तिसऱ्या कारणाकडे परंपरेने पाठ फिरवलेली नाही, आणि इथेच तिची खरी परीक्षा होते. मिश्नाच्या बेराखांच्या ग्रंथात एक कठोर विधान आहे: चांगल्याबद्दल जशी बेराखा म्हणायची तशीच वाईटाबद्दलही म्हणायला माणूस बांधलेला आहे. मात्र दोन्हींचे शब्द एक नाहीत. आनंदाच्या बातमीला देवाला चांगला आणि चांगले करणारा म्हणायचे. मृत्यूच्या बातमीला त्याला खरा न्यायाधीश म्हणायचे. म्हणजे शोकात असलेल्याला हसतमुख राहा, यातही काही चांगलेच असेल, असे कुणी सांगत नाही. मृत्यू घडला तेव्हा ज्यू माणूस कपडा फाडतो, सात दिवस जमिनीलगत बसतो आणि लोक त्याच्याकडे येऊन गप्प बसतात. देवाशी नाते तोडायचे नाही, एवढीच त्या बेराखेची मागणी असते. दुःखाला सुख म्हणायला ती लावत नाही.

आणखी एक मर्यादा. चोरलेल्या गव्हाचे पीठ दळून भाकरी भाजली आणि तिच्यावर बेराखा म्हटली तर ती बेराखा नव्हे, देवाची निंदा आहे, असे तालमूद बजावतो. दुसऱ्याच्या हक्काचे खाऊन मानलेल्या आभारांना तिथे जागा नाही. कृतज्ञतेचा उपयोग अन्यायावर पांघरूण घालायला होतो, मजुराला ‘मिळते त्यात समाधान मान’ म्हणायला होतो, हे जगभर दिसते. ती वाट या नियमाने बंद केली आहे.

रोज शंभरदा म्हटलेले शब्द झिजतात, ही तक्रार जुनीच. एकोणिसाव्या शतकात लिथुआनियात रब्बी इस्राएल सलांतेर (१८१०–१८८३) यांनी यावर मोठी चळवळ उभी केली, तिचे नाव मुसार. धर्मशास्त्राचे गाढे पंडितही रागीट, गर्विष्ठ, विसराळू राहतात, म्हणजे स्वभावावर निराळी मेहनत घ्यावी लागते, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी सातानोवच्या मेनाहेम मेंडेल लेफिन यांचे १८०८ सालचे एक पुस्तक पुन्हा छापवून घेतले. लेफिन यांनी त्यातली पद्धत बेंजामिन फ्रँकलिनकडून घेतली होती. तेरा गुण, प्रत्येकाला एक आठवडा, तेरा आठवड्यांनी फेरा पुन्हा सुरू. वर्षात असे चार फेरे. रोज रात्री तक्त्यावर चुकांच्या खुणा करायच्या. फिलाडेल्फियाच्या या मुद्रकाची वही अशी पूर्व युरोपातल्या येशिवांमध्ये, म्हणजे ज्यू धर्मविद्यालयांमध्ये, पोचली.

लेफिन यांच्या तेरांत कृतज्ञता नव्हती. आजच्या मुसार गटांत ती हटकून असते, आणि याला मोठे कारण ॲलन मोरिनिस. हे कॅनडाचे मानववंशशास्त्रज्ञ. ऑक्सफर्डला त्यांनी डॉक्टरेट केली ती पश्चिम बंगालमधल्या हिंदू तीर्थयात्रांवर. पुढे ते चित्रपटनिर्मितीत गेले, १९९७ साली त्यांचा व्यवसाय कोसळला, आणि त्या पडझडीत ते आपल्या पूर्वजांच्या या विस्मृत साधनेकडे वळले. त्यांच्या ‘एव्हरीडे होलीनेस’ (२००७) या पुस्तकात कृतज्ञतेवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांनी स्थापलेल्या मुसार इन्स्टिट्यूटच्या गटांत सकाळी एक वाक्य घोकायचे, दिवसभरात त्या गुणाची एखादी कृती करायची आणि रात्री चार ओळी लिहायच्या, असा क्रम असतो. बेराखा ठरलेल्या शब्दांची, ही वही आपल्या शब्दांची. एक दुसरीची झीज भरून काढते.

या साधनेचा एक झरा थेट कोकणात आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, ही बेने इस्राएल समाजाची मूळकथा. शतकानुशतके तेल गाळून, शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली गेलेली ही माणसे हिब्रू जवळजवळ विसरली. शेमा प्रार्थना मात्र विसरली नाहीत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर या आडनावांतून त्यांची गावे आजही बोलतात.

तालमूदने चार जणांना जाहीर आभार मानायला बांधले आहे: समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट पार केलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. ही ‘हागोमेल’ बेराखा एकट्याने पुटपुटून चालत नाही, दहा जणांसमोर म्हणावी लागते आणि समोरचे उत्तर देतात. ज्या समाजाची कथाच गलबत फुटण्यापासून सुरू होते, त्याला यातला पहिला माणूस अनोळखी नव्हता. चौथ्याची आठवण मुंबईत दगडात उभी आहे. कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी सामुएल इझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. बेने इस्राएल हे नाव कुराणात असल्याने टिपूच्या आईने रदबदली केली, असे समाजात सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मांडवीत मुंबईतले पहिले सभास्थान बांधले. ‘शार हारहामीम’ म्हणजे दयेचे दार. लोकांच्या तोंडी ते ‘जुनी मशीद’ झाले. तिथल्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव आहे.

घरोघरी मात्र आभार मानायचा खास बेने इस्राएली प्रकार मलिद्याचा. भिजवलेले पोहे, ओल्या नारळाचा चव, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा असे ताट भरायचे, त्याभोवती फळे आणि फुले मांडायची आणि एलियाहू हानाबी या संदेष्ट्याचे स्तवन गायचे. नवस फेडताना, आजारातून उठल्यावर, लग्नाआधी, नव्या घरात, परदेशी निघताना मलिदा होतो. मग बेराखा: झाडाच्या फळाची खजुरावर, जमिनीच्या पिकाची केळ्यावर, सुगंधाची फुलावर किंवा सुवासिक पाल्यावर. त्सफातच्या शास्त्रातला केळ्याचा निवाडा कोकणातल्या ताटात असा जिवंत राहिला. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे. नवस बोलायला आणि फेडायला लोक तिथे जातात.

मलिदा वाटून खातात, आणि ते फार जुन्या रीतीला धरून आहे. जेरुसलेमच्या मंदिरात आभाराचे अर्पण करणाऱ्याला चाळीस भाकऱ्या आणाव्या लागत आणि सगळे त्याच दिवशी संपवावे लागे. वोलोझिनच्या येशिवाचे प्रमुख रब्बी नफ्ताली त्स्वी येहूदा बर्लिन यांनी याचा खुलासा केला: एकट्याला एवढे संपणार नाही, म्हणून तो माणसे बोलावील, आणि बोलावलेल्यांना आपल्यावर काय ओढवले होते ते सांगेल.

हे आभार मराठीत आले त्याचे श्रेय योसेफ इझिकेल राजपुरकर (१८३४–१९०५) यांच्यासारख्यांना. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक असलेल्या राजपुरकरांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. त्याआधीच, १८४६ साली, वल्हांडणाच्या रात्री वाचायची हागादा ही पोथी मुंबईत हिब्रू-मराठीत छापली गेली होती. पुढे याच समाजाने बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचली. अमेरिकेतल्या संगीत-अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनी या कीर्तनांचा आणि स्त्रियांच्या गाण्यांचा अभ्यास केला आहे.

१९४८नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. धरणे आणि निदर्शने झाली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत बरोबरीचे मानले. दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा या गावांत आज मलिदा होतो, पोहे भिजतात, नारळ खवला जातो. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथूनच निघू लागले. भारतात काही हजार ज्यू उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथील सभास्थाने उभी आहेत, पण कुटुंबे थोडी राहिल्याने दहा जण जमवणे अवघड झाले आहे. दहा जमले नाहीत तर आजारातून उठलेल्याला आपली बेराखा म्हणता येत नाही. इमारतींच्या डागडुजीइतकेच निकडीचे काम म्हणूनच दुसरे आहे: राजपुरकरांची भाषांतरे पुन्हा छापणे, मलिद्याची मराठी गाणी ती म्हणणाऱ्या आजींच्या आवाजात ध्वनिमुद्रित करणे, कीर्तनांच्या वह्या शोधून काढणे. ही मराठीचीही मालमत्ता आहे. ग्रंथालये, विद्यापीठांचे मराठी विभाग आणि रायगडमधल्या इतिहासप्रेमींनी समाजातल्या जाणत्यांच्या सोबतीने हे काम हाती घ्यावे. ती गाणी पाठ असणारी माणसे आज ठाण्यात आहेत, मुंबईत आहेत, अश्दोदमध्ये आहेत.